दम लागणाऱ्या मुलाला शाळेचा आधार

(संस्थेच्या इचलकरंजी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आताच या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांचे आपण टाळ्या वाजवून कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. परंतु आम्ही आज बोलणार आहोत ते अशा मुलांविषयी, ज्यांचे नाव या यादीत सहसा येत नाही. ती मुले पटावर असतात, पण वर्गात नसतात. ती बुद्धीने कमी नाहीत आणि त्यांच्या घरी शिक्षणाची कदर नाही असेही नाही. त्यांची अडचण श्वासाची आहे. त्यांना धाप लागते, रात्र-रात्र खोकला येतो. डॉक्टर म्हणतात, "दमा असू शकतो, पण इतक्यात सांगता येत नाही." आणि शाळा म्हणते, "दमा असल्याचा दाखला आणा, मग बघू." या दोन वाक्यांच्या मध्ये मुलाचे वर्ष निघून जाते.

हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. संस्थेच्या वतीने घरोघर फिरताना तो आमच्यापुढे आला, आणि पहिल्या वेळी आम्ही चुकलो. ती चूक आधी कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतली एक मुलगी सातवीत असताना शाळेत जायची बंद झाली. आम्ही चौकशीला गेलो. आई म्हणाली, "पोरीला थंडीत लय धाप लागतीया. शाळंत कवायतीला मागं राहिली की बोलणी खाती. मग जातच न्हाई म्हणती." आम्ही काय केले? आम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगितले. चार उपदेशाचे शब्द बोललो आणि परत आलो. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मुलीच्या आईला बजावले होते, "दमा हा शब्द तोंडातून काढू नकोस, उद्या पोरीच्या लग्नाला आडवा येईल." त्यावरही आम्ही गप्प राहिलो. ती मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही. आज ती घरी कांड्या भरते. तिला दमा होता की नव्हता, हे कोणीही कधी तपासले नाही. तिची शाळा मात्र सुटली.

त्यानंतर दोन वर्षांनी दुसरे मूल आमच्यापुढे आले. हा मुलगा चौथीत होता. वडील खर्चीवाल्याच्या कारखान्यात मागावर, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. आई घरी कांड्या भरणारी. घराची भिंत कारखान्याच्या भिंतीला लागून. आपल्या गावात ही गोष्ट नवी नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि आज या गावात लाखाहून अधिक माग चालतात. त्या खडखडाटातच आपली मुले जन्मतात, झोपतात आणि अभ्यास करतात. त्या आईने आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती आम्ही विसरू शकत नाही. ती म्हणाली, "पोराच्या छातीत वाजतंय हे मला म्हाईतच नव्हतं. एका रात्री वीज गेली, सगळं माग बंद पडलं, तवा ऐकू आलं. बारीक शिट्टी वाजावी तसं."

बंधू-भगिनींनो, विचार करा. पोटच्या पोराचा श्वास ऐकू यायला वीज जावी लागली. तीसजणांच्या वर्गात तो आवाज बाईंना आपोआप ऐकू येईल, ही अपेक्षा कशी करायची?

या मुलाला शाळेत काय म्हणत होते? 'कामचुकार'. कारण वर्गात बसलेला असताना तो ठीक दिसायचा, मैदानात दोन फेऱ्या मारल्या की थांबायचा. धावताना जितका दम लागायचा त्याहून जास्त धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी लागायचा. म्हणून सरांना वाटायचे की खेळ संपल्यावर हा सोंग करतो. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजेरी. गृहपाठ अपुरा. आईने जाऊन सांगितले तर उत्तर मिळाले, "डॉक्टरचा दाखला आणा." आई दाखल्यासाठी गेली तर डॉक्टर म्हणाले, "अजून नक्की नाही, मी दाखल्यावर दमा असे कसे लिहू?"

या ठिकाणी आपण डॉक्टरांवर रागावतो. पण त्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. लहान मुलातला दमा एका तपासणीत ठरत नाही. साखर किंवा मलेरिया यांच्याप्रमाणे रक्ताचा एक थेंब घेतला आणि निकाल आला, असे येथे होत नाही. दम्यात श्वासनलिका सुजलेल्या आणि हळव्या असतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, धावपळ असे काही निमित्त मिळाले की त्या आकसतात, आणि नंतर पुन्हा मोकळ्या होतात. म्हणजे ज्या दिवशी मूल दवाखान्यात जाते त्या दिवशी ते ठणठणीत असू शकते. छातीचा फोटो बहुधा स्वच्छ येतो. स्पायरोमेट्री म्हणून श्वासाची तपासणी असते. तीत जोराने फुंकावे लागते, मग औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात आणि फरक किती पडला ते पाहतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला हे नीट जमत नाही. मोठ्या मुलाला जमले तरी बऱ्या दिवशी केलेली तपासणी साफ येऊ शकते, आणि साफ आली म्हणून दमा नाही असे ठरत नाही. शिवाय असाच खोकला आणि अशीच धाप इतर कारणांनीही येते. क्षय असू शकतो, वाढलेल्या ॲडेनॉइडच्या गाठी असू शकतात, हृदयाचा दोष असू शकतो, लहान मुलाने गिळताना शेंगदाणा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. हे सारे तपासून बाजूला ठेवायला वेळ लागतो. कित्येकदा डॉक्टर दोन-तीन महिने औषध देऊन पाहतात, मूल सुधारते का हे बघतात, आणि मगच नाव घेतात. ही टाळाटाळ नव्हे. काळजीपूर्वक निदान करण्याची तीच रीत आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाव न घेण्याचे कारण पुष्कळदा वैद्यकीय नसते, ते सामाजिक असते. आपल्याकडे दम्याला 'अलर्जीचा खोकला' म्हणतात, 'कफाची प्रकृती' म्हणतात, 'बाळदमा आहे, मोठेपणी जाईल' म्हणतात. पालकांना ऐकायला बरे वाटते म्हणून डॉक्टरही कधी तसेच बोलतात. पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांत दम्याची एक मोठी पाहणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना दम्याची लक्षणे होती त्यांच्यातल्या दर शंभरांपैकी ८२ जणांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. लक्षणे तीव्र असणाऱ्यांतही हे प्रमाण शंभरात ७० होते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण आठवा हिस्सा भारतात आहे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. हा आजार आपल्याकडे काही जगावेगळा नाही. आपण तो ओळखत नाही, आणि ओळखला तरी रोजचे औषध चालू ठेवत नाही.

म्हणून जी शाळा म्हणते की निदानाचा दाखला आल्यावरच मदत करू, ती नकळत दर शंभरांतल्या ऐंशी मुलांना दाराबाहेर ठेवते. आज आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे : आजाराचे नाव ठरायला वेळ लागला तरी चालेल, मुलाला शाळेत आधार मिळायला वेळ लागता कामा नये.

हे कसे साधले, ते आता क्रमाने सांगतो.

आमच्या लक्षात प्रथम एक गोष्ट आली. आम्ही डॉक्टरांकडे चुकीचा कागद मागत होतो. 'याला दमा आहे' असा दाखला ते देऊ शकत नव्हते. पण शाळेला त्याची गरज तरी कुठे होती? शाळेला हवे होते ते एवढेच, की या मुलाला काय होते, झाले तर काय करायचे, आणि केव्हा दवाखान्यात न्यायचे. आम्ही पुन्हा गेलो आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आजाराचे नाव लिहू नका. शाळेसाठी सूचना लिहून द्या." त्यांनी तेथेच चार ओळी लिहून दिल्या. वारंवार धाप लागते, तपासणी चालू आहे, धाप लागल्यास दिलेला पंप अमुक प्रमाणात द्यावा, आराम न पडल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. खाली सही आणि शिक्का. आठ महिने जे अडले होते ते पाच मिनिटांत झाले.

मग मुलाच्या आईच्या नावाने आम्ही शाळेला अर्ज लिहिला. आपल्यापैकी कोणाला उपयोगी पडेल म्हणून त्याचा मसुदा येथे वाचून दाखवतो.

"मा. मुख्याध्यापक यांस, महोदय, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. त्याला गेल्या वर्षभरात वारंवार खोकला येतो, धाप लागते व छातीत आवाज येतो. डॉक्टरांनी दम्याची शक्यता सांगितली आहे. निदान अद्याप निश्चित झालेले नाही, तपासणी व उपचार चालू आहेत. दरम्यानच्या काळात पुढील बाबतींत शाळेचे सहकार्य मिळावे ही विनंती.

१. डॉक्टरांनी दिलेला पंप मुलाजवळ किंवा वर्गशिक्षकांजवळ, हाताशी राहील असा ठेवू द्यावा. कार्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवू नये.

२. वर्ग झाडताना त्याला बाहेर थांबू द्यावे, व फळ्यापासून दूर बसवावे.

३. कवायत व खेळ यांतून त्याला कायमचे वगळू नये. सावकाश सुरुवात करू द्यावी, आणि तो थांबला तर शिक्षा करू नये.

४. आजारपणात गैरहजर राहिल्यास अभ्यास वर्गमित्राकडून घरी पाठवण्याची सोय व्हावी.

५. शाळेत खोकला किंवा धाप लागल्यास त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ व कारण यांची एका ओळीत नोंद व्हावी. ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

६. त्रास वाढल्यास सोबत दिलेल्या दोन फोन क्रमांकांवर कळवावे, व आमची वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

सोबत डॉक्टरांच्या सूचनेची प्रत जोडली आहे."

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक शाळेला दिली, दुसरीवर पोच घेतली. पोच घेताना भांडणाचा सूर नको. पण पोच मात्र हवी, कारण तोंडी सांगितलेले वर्ष बदलले की विसरले जाते, आणि वर्गशिक्षक बदलले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला आणि विचारले, "औषध आम्ही द्यायचे, आणि उद्या काही बरे-वाईट झाले तर जबाबदारी कोणाची?" हा प्रश्न वाईट हेतूचा नव्हता. शिक्षकाला भीती वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही नम्रपणे म्हणालो, "सर, लेखी सूचना हातात असताना त्याप्रमाणे वागणाऱ्याला ती सूचनाच आधार देते. सूचना नसताना मूल कोसळले तर मात्र कोणाकडेच उत्तर राहणार नाही." वर्गशिक्षिका बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पंप माझ्या टेबलाच्या खणात राहू दे. कसा द्यायचा ते त्याच्या आईकडून मी शिकून घेते." या एका वाक्याने जे काम झाले ते आमच्या सगळ्या युक्तिवादाने झाले नसते.

आता कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण पालकांनी तो माहीत करून घेतला पाहिजे.

आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुलाने शाळेत आलेच पाहिजे, हा विचार या मातीत शंभर वर्षांहून जुना आहे. आलेले मूल शाळेत टिकलेच पाहिजे, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. धाप लागलेल्या मुलाला मैदानाभोवती आणखी एक फेरी मारायला लावणे ही शिक्षाच आहे. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. किती पालक या समितीच्या बैठकीला जातात? वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, फळा ओल्या फडक्याने पुसावा, झाडलोट मुले यायच्या आधी व्हावी, हे ठराव त्या बैठकीत होऊ शकतात. त्यांना पैसे लागत नाहीत, आणि त्यासाठी एकाही मुलाचे नाव घ्यावे लागत नाही.

दुसरी वाट आरोग्याची आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथून झाली. या कार्यक्रमाचे फिरते आरोग्य पथक सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी करते. ज्या आजारांची तपासणी करायची त्यांची यादी ठरलेली आहे. त्या यादीत 'दमा' हा शब्द नाही, पण श्वासनलिका चटकन आकसण्याचा विकार मात्र आहे. म्हणजे सरकारी कार्यक्रमानेही नावाचा आग्रह धरलेला नाही, लक्षणे पाहून मुलाला पुढे पाठवायचे असे ठरवले आहे. पथक शाळेत येते त्या दिवशी आपले मूल गैरहजर राहणार नाही याची काळजी घ्या. आणि त्या दिवशी ते ठणठणीत असेल, म्हणून नोंदीची वही सोबत द्या. पथकाकडून पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. गावात आयजीएम रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. काही पालक दिव्यांग प्रमाणपत्रासाठी खेटे घालतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत दमा नाही. त्या दारात वेळ घालवू नका. आपले काम मुख्याध्यापकांच्या टेबलावरच व्हायचे आहे.

इतर देशांतही हा प्रश्न सुटायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना दम्याचा पंप स्वतःच आणून ठेवण्याची परवानगी मिळाली. तो कोणाला द्यायचा? ज्याला दम्याचे निदान झाले आहे त्याला, किंवा निदान नसले तरी ज्याला डॉक्टरांनी असा पंप लिहून दिला आहे त्याला, आणि तोही पालकांच्या संमतीने. त्यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. आपल्या मुलासाठी आम्ही तोच 'किंवा' मागत होतो.

आता जे प्रत्येक शिक्षकाने, पालकाने आणि मोठ्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवायचे ते सांगतो. मुलाला धाप लागली तर त्याला आडवे झोपवू नका. सरळ बसवा, किंचित पुढे झुकू द्या. गळ्याभोवतीची बटणे सैल करा. भोवती गर्दी करू नका, पण त्याला एकटेही सोडू नका. स्वतः घाबरू नका, कारण आपली घाबरगुंडी पाहून त्याचा श्वास आणखी अडतो. डॉक्टरांनी दिलेला पंप हलवून, स्पेसर नावाची नळी लावून, एका वेळी एक याप्रमाणे लिहून दिलेल्या प्रमाणात द्या. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा छातीतला आवाज एकाएकी बंद होऊनही मूल थकत चालले असेल, तर क्षणाचाही उशीर न करता १०८ ला फोन करा. आवाज बंद झाला म्हणजे बरे वाटले असे समजू नका. हवाच आत-बाहेर जात नसली तरी आवाज बंद होतो.

'पंपाची सवय लागते' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसे नाही. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळी किंवा पातळ औषधापेक्षा ते कितीतरी कमी मात्रेत पुरते आणि लवकर काम करते. मात्र पंप दोन प्रकारचे असतात. एक धाप लागल्यावर घ्यायचा, दुसरा सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा. बरे वाटले म्हणून दुसरा परस्पर बंद करू नये, आणि पहिला वारंवार लागू लागला तर डॉक्टरांना सांगावे. दमा संसर्गाने पसरत नाही. दम्याच्या मुलाशेजारी बसल्याने कोणाला दमा होत नाही. आणि आपल्या घरातही पाहा. बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, डासांची कॉइल, कांड्या भरतानाचा तूस. कामावर पाणी सोडा असे आम्ही कसे म्हणू? पण मूल जेथे झोपते तेथे चरखा नको, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, एवढे तर करता येईल.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक गोष्ट सांगायची आहे. खिशात मावणारा दम्याचा पंप मुळात एका शाळकरी मुलीच्या प्रश्नातून निघाला. १९५५ साली अमेरिकेत तेरा वर्षांच्या एका मुलीला काचेच्या फुग्याने औषध ओढावे लागे. तिने आपल्या वडिलांना विचारले, की केसांवर फवारा मारायचा डबा असतो तसे माझे औषध का मिळत नाही? वडील औषधाच्या कंपनीचे प्रमुख होते. १९५६ साली पंप बाजारात आला. प्रश्न विचारण्यात लाज नसते, हे यावरून शिका. तुमच्या वर्गात कोणी पंप ओढत असेल तर त्याला 'म्हातारा' म्हणून चिडवू नका. तुमच्या एका हसण्याने तो पंप दप्तरात लपवतो, आणि लपवलेला पंप वेळेला सापडत नाही. तो गैरहजर असेल त्या दिवशी तुमची वही त्याच्या घरी पोहोचवा. आणि जे मोठ्या वर्गांत आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की दहावीच्या परीक्षेला ७५ टक्के उपस्थितीची अट असते. म्हणून आजारपणाचे कागद वर्षाच्या सुरुवातीपासून जपून ठेवा, फेब्रुवारीत धावपळ करू नका.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर नोंदी ठेवल्या. चार महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा बहुतेक नोंदी सकाळी वर्ग झाडल्यानंतरच्या किंवा थंडीतल्या कवायतीनंतरच्या निघाल्या. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, "मला जे तपासणीच्या खोलीत दिसत नव्हते ते या बाईंनी वर्गात पाहिले." त्यांनी फुंकायचे एक छोटे मीटर दिले, सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला सांगितले, रोजचा पंप सुरू केला. मुलाच्या कागदावर दम्यापुढे अजूनही प्रश्नचिन्ह आहे. ते कदाचित यंदा जाईल, कदाचित आणखी वेळ लागेल. पण तो आता पाचवीत आहे, महिन्यातून एखादाच दिवस गैरहजर असतो, आणि खो-खोच्या संघात राखीव खेळाडू आहे. सर त्याला मध्येच विचारतात, "दम लागला का रे?" पूर्वी हाच प्रश्न ते टोमण्याने विचारत असत. आता ते खरोखर विचारतात.

आणि ती सातवीतली मुलगी? मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिच्या घरी गेलो. या वेळी उपदेश केला नाही. तिला घेऊन दवाखान्यात गेलो. तपासणी चालू आहे. बाहेरून दहावीला बसण्याविषयी तिने स्वतःच विचारले. तिची गेलेली वर्षे आम्ही परत देऊ शकत नाही, याची जाणीव आम्हाला आहे.

म्हणून संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे. आपल्या वस्तीत वारंवार खोकणारे, धाप लागणारे, शाळा बुडवणारे प्रत्येक मूल आपण शोधून काढू. अर्जाचा मसुदा संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे, तो कोणालाही मिळेल. ज्या आई-वडिलांना शाळेत एकटे जायला संकोच वाटतो, त्यांच्यासोबत आपल्यापैकी एकाने जावे. वर्षातून दोनदा, जून महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, हे काम झाले तरी पुष्कळ होईल. आणि आज रात्री घरी गेल्यावर आपल्या झोपलेल्या मुलाजवळ दोन मिनिटे कान देऊन बसा. वीज जायची वाट पाहू नका.